चढावर उभी केलेली गाडी

थंडी पडली की आमच्या स्टुडिओतला क्लेचा वास जड होतो. तसा तो बारा महिने असतोच, पण हिवाळ्यात एका जागी बसून राहतो. गाडीचा आकार आम्ही आधी या तपकिरी क्लेत घडवतो, खऱ्या गाडीएवढा. ओव्हनमध्ये गरम करून मऊ केलेला गोळा घ्यायचा, मॉडेलवर दाबायचा, पात्यानं खरवडायचा. उन्हाळ्यात तो ऐकतो. थंडीत मॉडेलपर्यंत पोचायच्या आतच कडक होऊन रुसतो, मग आमचा कांबळे त्याची आई-बहीण काढतो, आणि शेडभर मेणाचा वास पसरतो. यंदाही पसरलाय. शटर अर्धं उघडं आहे, रस्त्यावरून चाकणच्या मार्केटला कांद्याचे ट्रक चाललेत, त्यांचाही वास आत येतोय. हे दोन वास एकत्र झाले की मला लाल गाडीचा हिवाळा आठवतो. आठवतो कसला, अंगावरच येतो.

लाल गाडी म्हणजे कन्सेप्ट. अशी गाडी विकायची नसते, नुसती दाखवायची असते. आमच्या डोक्यात काय चाललंय ते बघा, एवढंच कंपनीला त्यातून सांगायचं असतं. एकच बनते. आमची स्पोर्ट्स कार होती, दोन दारांची, जमिनीला चिकटलेली. पुढचा चेहरा आमच्या बर्वे सरांचा, आणि मागचं सगळं माझं. छतावरून उतरून मागच्या चाकावर फुगणारी आणि मग एकदम आवरून घेणारी ती एक रेघ, ती माझी. कुठून आली हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. डिझाइनच्या मीटिंगमध्ये आपण चित्ता म्हणतो, लाट म्हणतो, बाण म्हणतो. बैल म्हणायची आपल्याला लाज वाटते.

बैलच होता तो. माझ्या वडिलांचा, आप्पांचा पाखऱ्या.

चाकणच्या पलीकडे आमचं गाव. आता अर्ध्या शिवारात कंपन्यांच्या भिंती आहेत, पण आप्पांच्या दावणीला शर्यतीची जोडी आजही असते. आमच्याकडे बैलगाड्याची शर्यत सपाटीवर नसते, चढावर असते. त्या चढाला घाटच म्हणतात. खाली बैल जुंपतात, वर झेंडा. लहानपणी मी आप्पांच्या खांद्यावर बसून खालच्या टोकाला असायची. सुटायच्या क्षणाआधी पाखऱ्या असा काही दबायचा! मागचे पुठ्ठे खाली, पाठीची रेघ ताणलेली, कातडीखाली काहीतरी सळसळत जायचं. आप्पांचा तळहात त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर असायचा. तो हात उचलला की बैल तिथं नसायचाच, नुसता धुरळा. ते दबणं मी कितीतरी वर्षं कागदावर काढत होते. लाल गाडीत ते पहिल्यांदा जमलं, असं मला वाटलं होतं.

नव्या वर्षाच्या सुरुवातीला गाड्यांच्या शोमध्ये पडदा उघडला. टाळ्या पडल्या. गाडी तिरप्या स्टँडवर उभी होती, नाक वर, शेपूट खाली. तो चढ माझाच हट्ट. आमच्याकडे पळणं म्हणजे चढ, त्यात मला काही विचारासारखं वाटलंच नाही. स्टँडवाल्यानं विचारलंही होतं, "मॅडम, सपाट नको?" मी म्हटलं, "सपाटीवर काय पळायचंय!"

संध्याकाळपर्यंत फोन तापला. "पुढून वाघ, मागून बसलेली म्हैस." "मागं धक्का मारायला जागा मात्र ऐसपैस ठेवलीये." एकानं लिहिलं, "चाकण चौकात बसूनच राहायचंय, म्हणून गाडीपण बसकी केली का राव?" यावर तर मी स्वतःच हसले, कारण ते वाचत होते तेव्हा मी चाकण चौकातच अडकले होते. मग हसू ओसरलं. बसकी, बसलेली, टेकलेली, दमलेली. वेगवेगळ्या गावची, एकमेकांना न ओळखणारी माणसं एकच शब्द फिरवून फिरवून का म्हणतायत?

माझं असं आहे, राग आधी येतो, कुतूहल मागून चालत येतं. त्या रात्री रागाचीच पाळी होती. मेले कुठले, यांना रेघ कशाशी खातात ते तरी माहीत आहे का! संक्रांतीला मोशीत आमच्या सोसायटीत हळदीकुंकू होतं. माझ्या हातावर तिळगूळ ठेवत शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "तुझीच का गं ती टीव्हीवरची बसकी गाडी? आमचे हे म्हणत होते." गोड बोलायचा दिवस, म्हणून मी गोड हसले. घरी येऊन नवऱ्यावर ओरडले.

सोमवारी बर्वे सरांनी बोलावलं. सर वाईट माणूस नाहीत, पण कंपनीच्या वरच्या मजल्यावरून त्यांनाही हाका येतात. म्हणाले, "वैशाली, चेहऱ्याला लोक चांगलं म्हणतायत. प्रॉब्लेम मागं आहे. फॅमिली डे होऊन जाऊ दे, मग पुढच्या शोच्या आत मागचा भाग आपण बाहेरच्या स्टुडिओकडून करून घेऊ."

"म्हणजे माझी रेघ जाणार?"

"रेघ काय, गाडी वाचली पाहिजे."

मी बाहेर आले ती थेट क्लेच्या मॉडेलपाशी. कांबळे पाती पुसत होता. याचे वडील पिंपरीत कंपनीत होते, हा कंपनीच्याच कॉलनीत वाढला, आणि गेली कित्येक वर्षं माझ्या प्रत्येक रेघेला पहिला हात याचा. त्याच्यापुढं मी मनापासून रडले. तो म्हणाला, "मॅडम, एक उत्तर लिहा झणझणीत. सगळ्यांची तोंडं बंद." मी लिहिलं. फार सुंदर लिहिलं. आकार, प्रमाण, परंपरा, सगळं त्यात होतं. पाठवायला बोट पुढं केलं आणि मला आमचं अंगण दिसलं.

माघातल्या यात्रांच्या आधी पाखऱ्याला बघायला लोक यायचे. कुणी विकत घ्यायला, कुणी जोडीला जोड मागायला, बरेचसे नुसते खोड काढायला. आप्पा त्याला अंगणात मोकळा उभा करायचे, शेजारी उभे राहायचे, पुठ्ठ्यावर हात. मग लोक फिरून फिरून बघायचे आणि तोंडावर बोलायचे. खूर पसरटाय. शिंग एक वाकडंय. डोळ्यात भीती हाय. मला रडू यायचं. आप्पा मात्र तोंडातून शब्द काढायचे नाहीत. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही सांगत का नाही, मागच्या साली घाटात पहिला आला म्हणून?

"जनावर उभं असताना मालकानं बोलायचं न्हाई," आप्पा म्हणाले. "मालक बोलाया लागला की लोकं मालकाकडं बघत्यात. मग जनावराकडं कोण बघंल?"

एक जण मोटारसायकलवरून न उतरताच "एक नंबर बैल, आप्पा!" म्हणून निघून गेला. मला तो फार आवडला. आप्पा म्हणाले, "त्यो बघाया आलाच न्हवता." आणि लोक पांगले की गंमत सुरू व्हायची. दिवेलागणीला आप्पा पाखऱ्याला पांदीनं चालवत न्यायचे, मी मागून. "त्यो पाटील म्हनला डावा पाय जरा फेकतो. चल, बघू." वाकून, थांबून, पुन्हा चालवून बघायचे. बहुतेक बोलणी पोकळ निघायची. एखादं खरं निघायचं, आणि त्या दिवशी आप्पा जेवताना खुशीत असायचे. मला हे कोडंच होतं. खोड सापडली तर माणूस खूश कसा होतो?

फक्त एकदा त्यांना बोलताना ऐकलंय. कुणीतरी बैल बिथरतो का बघायला त्याला काठीनं ढोसलं होतं. "बघ, बोल, काय बी बोल," आप्पा म्हणाले, "पर काठी लावायची न्हाई." आणि त्याला अंगणाबाहेर काढलं. लाल गाडीच्या फोटोंखाली लिहिणाऱ्यांतही तशी काठीवाली माणसं होतीच. बाईनं काढलीय म्हणून अशी झाली, बायकांना गाडी मागं घेता येत नाही, वगैरे. त्यांना मी अंगणाबाहेर काढलं, आणि अजूनही काढते. पण "बसलेली म्हैस" ही काठी नव्हती. ते कुणीतरी बघितलेलं होतं. मी उत्तर पुसून टाकलं.

मग मात्र कुतूहलानं मला झोडपून काढलं. दबणं आणि बसणं, दोन्हींत मागचा भाग खालीच असतो. मग पाखऱ्याला कधी कुणी बसलेला म्हटलं नाही, ते का? मी मांजरं बघायला लागले. मोशीच्या स्टॉपवर बस धरायला वाकलेली माणसं बघायला लागले. इंद्रायणीच्या कडेला बगळा उडायच्या आधी काय करतो ते बघत उभी राहिले, शिफ्टला उशीर झाला. कांबळे म्हणाला, "हिला लागीर झालंय." झालंच होतं म्हणा. रेघ जाणार म्हणून जीव तुटत होता आणि त्याच जिवाला हे बघायला मजाही येत होती, हे मला तेव्हा कुणाला सांगता आलं नसतं.

आप्पांना मी फॅमिली डेला बोलावलं. त्यांच्याइतकी खोड काढणारी नजर आमच्या तालुक्यात नाही. तोवर ते माझं काम बघायला कधी आले नव्हते.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"नावं ठेवायला या."

"मग येतो," म्हणाले.

फॅमिली डे आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांचा सणच. लॉनवर मांडव, मसालेभात, जिलेबी, मठ्ठा, पोरांना फुगे. गेटवर सिक्युरिटीवाले प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. आप्पा पांढऱ्या टोपीवर कसं शोभेल याचा विचार न करता पिवळं सेफ्टी जॅकेट चढवून आले. बरोबर गावातली ध्रुपदामावशी आणि बाळूकाका. त्यांची पोरं आमच्याच प्लांटला आहेत. मांडवाच्या कडेला लाल गाडी, शोमधल्याच तिरप्या स्टँडवर.

मी ठरवून गप्प उभी राहिले. गाडीपासून दोन हात लांब, कुणी विचारलं तरी नुसतं हसायचं. सोपं नाही हो. जीभ आतून ढुशा देते. पण गप्प बसलं की डोळ्यांना काम मिळतं, हे खरं. फोनला स्टिकर असल्यामुळं लोकांना फोटो काढता येत नव्हते, बघावंच लागत होतं. पुढं येणारे "भारी!" म्हणायचे आणि जिलेबीकडं वळायचे. मागं मात्र थांबायचे. वाकायचे, उकिडवे बसायचे, चाकावरच्या फुगीवरून हात फिरवायचे, आणि मग नावं ठेवायचे. "हिचं इंजिन जड झालं वाटतं." "चढ चढता चढता दम लागला हिला." माझ्या रेघेपाशी अख्ख्या मांडवातली गर्दी होती.

आणि मला ते दिसलं. बाजूनं बघणारा प्रत्येक जण मान एकाच बाजूला कलती करत होता. भिंतीवरचा फोटो तिरका लागला असेल तर आपण करतो ना, तशी. बायका, म्हातारे, कडेवरची पोरंसुद्धा. त्यांच्या माना माझा चढ सरळ करून घेत होत्या. मला आणि आप्पांना चढ म्हणजे शर्यत. बाकीच्या जगाला नाक वर केलेली गाडी म्हणजे घाटात दमलेली गाडी. आई गं! इतकी साधी गोष्ट.

"कांबळे, खाली घे तिला."

"आत्ता? मॅडम, जेवणं चाललीत लोकांची."

"आत्ता."

चार जण लागले. बाळूकाका बाह्या सरसावून आले आणि मागून गाडी तोलून धरताना म्हणाले, "पोरी, धरायला जागा झ्याक ठेवलीस बघ." ठोकळे काढत काढत गाडी जमिनीवर उतरली. लोकांच्या माना सरळ झाल्या.

"हां," कुणीतरी म्हणालं. "आता उठली."

बर्वे सर हातात जिलेबीची डिश घेऊन गर्दीत उभे होते. त्यांचाही चेहरा सैल झाला. मला वाटलं, संपलं, जिंकलो. तेवढ्यात ध्रुपदामावशी पदर खोचून पुढं झाली. "उठली खरी," ती म्हणाली, "पर अजून पळंना. तोंड वर करून कोन पळतं गं बाई? आमची शेळीसुदिक पळायच्या टायमाला मान खाली घालती."

लोक हसले. सर हसले नाहीत. तो चेहरा त्यांचा होता. सगळ्या जगानं वाघ म्हटलेला, ज्यात कुणी एक खोट काढली नव्हती. सर तोंड उघडतायत हे मला दिसलं, उत्तर तयार होतं त्यांचं. आणि माझ्या डोळ्यांपुढं पाखऱ्या उभा राहिला, घाटाच्या तळाशी, चढाला तोंड करून. पुठ्ठे दबलेले, आणि मान? मान पार गुडघ्याकडं. मी इतकी वर्षं नुसती मागून बघत होते, आप्पांचा हात जिथं होता तिथून. मान माझ्या चित्रात कधी आलीच नव्हती. दबणं मागं नसतंच मुळी. मान खाली गेली की मागचं दबलेलं दिसतं, मान वर राहिली की तेच बसलेलं दिसतं.

मी सरांच्या जवळ जाऊन हळूच म्हटलं, "सर, थांबा. गाडी उभी आहे, लोकांना बोलू द्या." त्यांनी माझ्याकडं विचित्र नजरेनं बघितलं, पण थांबले. मग डिश कांबळेच्या हातात देऊन बाजूला गेले, गाडीच्या कडेला उकिडवे बसले, इस्त्रीच्या पँटसकट. तळहात आडवा धरून चेहऱ्याचा वरचा भाग झाकला. काढला. पुन्हा झाकला. बराच वेळ त्यांचा तोच खेळ चालला होता.

"मागचं तसंच राहू दे," उठताना ते म्हणाले. "पुढचं बघू सोमवारी." त्यांचा आवाज दुखावलेला होता. नंतरच्या महिन्यात त्यांनी स्वतः पातं घेऊन क्लेच्या मॉडेलवर तो चेहरा चार बोटं खाली आणला, आणि त्या दिवशी त्यांनी कांबळेला चहा पाजला. खोड सापडलेला माणूस खूश कसा होतो, हे कोडं मला तेव्हा थोडं सुटलं. पूर्ण अजूनही नाही. आता आमच्याकडं पद्धतच पडलीय. मॉडेल शेडबाहेर उन्हात काढलं, की ज्याचं काम त्यानं बोलायचं नाही. नवीन आलेल्यांना हा छळ वाटतो. वाटू दे.

पण त्या दुपारी एक गोष्ट राहून गेली. आप्पा. सगळं गाव बोललं, ध्रुपदामावशी बोलली, जिलेबी तळणाराही दोन शब्द बोलून गेला. ज्यांना मी खास नावं ठेवायला आणलं ते अवाक्षर बोलले नाहीत. बाळूकाकांनी विचारलंही, "आप्पा, तुमचं काय म्हननं?" आप्पांनी मान हलवली, ती हो की नाही तेही कळलं नाही. गाडी उतरवताना, हशा पिकला तेव्हा, सगळा वेळ ते मागच्या चाकापाशीच उभे होते. मला वाईट वाटलं. वाटलं, यांना आवडलीच नाही. इतकी नाही आवडली की खोड काढण्याच्याही लायकीची वाटली नाही.

संध्याकाळी त्यांना सोडायला माझ्या गाडीतून निघाले. चाकण चौकात नेहमीप्रमाणं कोंडी. पुढं कंटेनर, मागं कंपनीच्या बसा, कुठूनतरी भाजलेल्या हुरड्याचा वास. आप्पा खिडकीबाहेर बघत होते. पिवळं जॅकेट परत करायला विसरले होते.

"आप्पा, खोड काढायला बोलावलं होतं तुम्हाला. एक शब्द बोलला नाहीत."

"कसं बोलणार? उभी व्हती की ती."

"मग काय झालं? सगळे बोललेच ना."

"त्यांचं येगळं. त्यांनी बोलायचंच. मालकानं बोलायचं न्हाई."

मी हसले. "अहो, गाडी कंपनीची आहे. तुम्ही कुठले मालक?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. हुंदका-बिंदका काही नाही, साधं, बाजारात दर सांगावा तसं बोलले.

"गाडी कंपनीची आसंल. पाठ पाखऱ्याची हाय."